पटकथा जरूर लिहून घ्या, पण मोबाइल पिशवीतच राहू द्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वीटभट्टीजवळच्या तुमच्या संध्याकाळच्या वर्गात चौथी ते सातवीची वीसेक मुलं आहेत. जोडाक्षर आलं की अडखळतात, पण सिनेमातले संवाद तोंडपाठ. त्यांच्याकडून पटकथा लिहून घेता येईल का, की आधी वाचन पक्कं होऊ द्यावं? माझं म्हणणं, वाट बघू नका. पटकथा लिहितानाच वाचन पक्कं होतं. फक्त पहिले दोन महिने मोबाइल बाहेर काढू नका.

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात मी पाच हंगाम हे काम केलं. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कोयत्यावर जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे हातात पाच-सहा महिने. घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. आमची मुलंही त्याच वाटेवर होती.

निबंध वाचतात फक्त गुरुजी, तेही लाल पेन घेऊन. पटकथेचा कागद मात्र दुसऱ्या मुलानं वाचायचा असतो आणि त्यात लिहिलंय ते करून दाखवायचं असतं. सगळा फरक इथंच पडतो. पाचवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'बैल वाडे खातो.' बैल झालेला मुलगा कागद हातात धरून उभाच राहिला. वाडे कसे खायचे? सगळी मुलं कागदावर वाकली आणि त्या मुलीनं स्वतःच ओळखलं की तिला 'वाढे' लिहायचं होतं, उसाची हिरवी शेंडी. ड आणि ढ मधला फरक मी तिला आधी कितीतरी वेळा सांगितला होता. त्या दिवसानंतर ती चूक तिच्याकडून पुन्हा झाली नाही. प्रश्नचिन्हाचंही तेच. 'जेवलास' असं नुसतं लिहिलं तर वाचणारा सपाट वाचतो आणि लिहिणारा ओरडतो, 'अरे, ती विचारतेय!' मग तो धावत जाऊन चिन्ह टाकतो.

सुरुवात दृश्याच्या शीर्षकापासून करा. आत की बाहेर, कुठं, दिवस की रात्र, एवढंच. 'बाहेर. हापसा. सकाळ.' तीन शब्द ज्याला कसेबसे लिहिता येतात, त्याच्याही नावावर पहिल्या दिवशी एक दृश्य जमा होतं. इंटिरियर, एक्स्टिरियर वगैरे शब्द राहू द्या, त्यांची काही गरज नाही. एका कार्डावर एकच दृश्य लिहायचं. मग कार्डं जमिनीवर मांडायची आणि क्रम लावायचा. क्रम लावण्यावरून भांडणं होतील, होऊ द्या. 'आधी काय झालं' हे पटवून देण्यासाठी मूल आपलं कार्ड पुनःपुन्हा वाचून दाखवतं.

ज्यांना अजून अक्षरंच ओळखू येत नाहीत, त्यांनी सांगायचं आणि तुम्ही लिहायचं, अगदी त्यांच्याच शब्दांत, मोठ्या कागदावर. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर मुलाला जवळचा वाटणारा शब्द त्याच्याकडूनच घ्यायच्या, कार्डावर लिहून त्याच्या हाती द्यायच्या आणि तिथून वाचन सुरू करायच्या. तत्त्व तेच आहे. पण पटकथेनं अक्षरओळख होईल अशी आशा धरू नका. त्यासाठी रोज वीस मिनिटं वेगळी काढावीच लागतात.

दुसरा नियम असा की जे दिसतं किंवा ऐकू येतं तेवढंच लिहायचं. याच नियमानं भाषा सगळ्यात जास्त वाढते. एका मुलानं आईबाप निघतात त्या पहाटेचं दृश्य लिहिलं होतं. पहिल्या कागदावर होतं, 'आईला खूप वाईट वाटत होतं.' आई झालेली मुलगी म्हणाली, 'वाईट वाटलेलं करू कसं?' तो कोपऱ्यात जाऊन बसला. बऱ्याच वेळानं कागद आणून दिला: 'आई पोत्यात तवा घालते. बाहेर काढते. फडक्यानं पुसते. परत घालते.' चार छोटी वाक्यं, चारही क्रियापदं बरोबर. यातलं एकही वाक्य मी सुचवलेलं नव्हतं.

संवादांना मात्र लाल पेन लावू नका. ही माझी कळकळीची विनंती आहे. 'माय, तू कवा येशील?' याचं 'आई, तू केव्हा येशील?' केलंत तर ते मूल पुढचं पान लिहिणार नाही. आमची पद्धत अशी होती की माणसं बोलतात ते त्यांच्या बोलीत आणि कृतीची ओळ पुस्तकातल्या मराठीत. एकाच पानावर दोन्ही भाषा नांदतात आणि कोणती कुठं वापरायची हे मुलांना न शिकवता कळतं. बंजारा तांड्यावरची मुलं संवाद गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत लिहायची, देवनागरी लिपीत, आणि खाली मराठी ओळ द्यायची. 'याडी' म्हणजे आई, हे बाकीच्या मुलांना तिथंच कळलं.

चांगलं वाचन येतं ते तालमीतून. धड्यातला परिच्छेद दुसऱ्यांदा वाचायला सांगितला की मुलं कंटाळतात, पण आपल्या वाट्याच्या सहा ओळी दहा-बारा वेळा खुशीनं वाचतात. अडखळणं तिथंच कमी होत जातं. पाठ झालं तरी कागद हातातून काढून घेऊ नका आणि मधूनमधून भूमिका बदला, म्हणजे नव्या ओळी वाचाव्या लागतात.

आता मोबाइलचं सांगते. पहिल्या हंगामात मी तिसऱ्याच आठवड्यात चित्रीकरण सुरू केलं. सव्वीस जानेवारीला फिल्म दाखवली, टाळ्या पडल्या, पाहुणे खूश झाले. फेब्रुवारीत 'असर'च्याच पद्धतीनं, म्हणजे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचन तपासलं, तर ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं होतं ती मुलं होती तिथंच होती. फोन निघाला की बोलकी मुलं पुढं येतात आणि वाचनात मागं असलेली मुलं गर्दीत उभी राहतात. तेव्हापासून चित्रीकरणाच्या वेळी कागद सांभाळण्याचं काम मी सगळ्यात कच्च्या वाचकाला देते. कोणतं दृश्य चाललंय, कोणती ओळ राहिली, हे त्यानं वाचून सांगायचं आणि खूण करायची. त्यानं 'झालं' म्हटल्याशिवाय पुढचं दृश्य नाही.

फिल्म झालीच तर संवाद मराठीत असले तरी पडद्यावर खाली मराठी अक्षरं द्या आणि ती मुलांकडूनच लिहून घ्या. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी 1996 मध्ये ही कल्पना मांडली. पुढं दूरदर्शनवर गाण्यांखाली त्याच भाषेतल्या ओळी येऊ लागल्या. गाणं ऐकता ऐकता डोळे आपोआप अक्षरांवर जातात.

आणि मुलांचं दुःख मागू नका. देणगीदारांना रडवणाऱ्या गोष्टी आवडतात, पण मुलांना भूत, शेळी आणि क्रिकेटवर लिहायचं असेल तर तेच लिहू द्या. कोणी घरातलं काही लिहिलंच तर नावगाव बदला आणि ते बाहेर दाखवायचं की नाही हे मूल आणि त्याचे आईबाप ठरवतील.

शेवटी कार्यक्रमाऐवजी आईबापांसमोर वाचन ठेवा. तव्याचं दृश्य लिहिणाऱ्या मुलाची आई एप्रिलमध्ये परतली. तिला वाचता येत नाही. त्यानं ओट्यावर बसून तिला सगळी पटकथा वाचून दाखवली. ती ऐकत होती, मधेच थांबवून म्हणाली, 'तवा नव्हता रे, परात होती.' त्यानं माझ्याकडून पेन मागून घेतलं, 'तवा' खोडलं आणि वर 'परात' लिहिलं. मग 'घालतो' की 'घालते' असं स्वतःशीच पुटपुटत खालच्या सगळ्या ओळी पुन्हा वाचून काढल्या.