इंद्रधनुष्य राहू दे, आधी मनगट रंगव

प्रश्न : मी बी.एफ.ए. पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. क्वीअर (समलिंगी, ट्रान्स अशा) मित्रमैत्रिणी आणि आयुष्यातून निघून गेलेली काही माणसं यांच्या व्यक्तिचित्रांची मालिका करतोय. सर म्हणतात, विषय धाडसी आहे, पण सगळी चित्रं सारखीच दिसतात. एम.एफ.ए.च्या प्रवेशाला दाखवायच्या पोर्टफोलिओत ही मालिका चालेल का? पुढे पोट भरेल का? माझ्याबद्दल घरी माहीत नाही.

उत्तर : मालिका चालेल. पण सरांची तक्रार विषयाबद्दल नाही, ती नीट ऐक. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला स्मरणचित्र (समोर काही न ठेवता आठवणीतून काढायचं चित्र) पाठ करून जाणारी मुलं तू पाहिली असशील. विषय बाजाराचा असो वा बसथांब्याचा, छत्रीवाली बाई ठरलेली. क्वीअर व्यक्तिचित्रांतही असंच पाठांतर शिरतं : मागे इंद्रधनुष्य, हातात मुखवटा, दोन रंगांत विभागलेला चेहरा. समोर बसलेला माणूस कोण, ते मात्र कळत नाही.

बडोद्याचे चित्रकार भूपेन खक्कर बघ. त्यांच्या १९८१च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये एक नग्न पुरुष सज्जात उभा आहे आणि बाहेर बापलेक नि गाढवाची जुनी गोष्ट चालू आहे. झेंडा नाही, घोषणा नाही. तरी तो माणूस विसरता येत नाही.

आता काम. मॉडेलला खिडकीच्या एका बाजूच्या उजेडात बसव. २० मिनिटं बैठक, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या. पहिल्या दोन फक्त कोळशाने. फोटो घ्यायचाच तर दीड-दोन मीटरवरून घे. फोन हातभर अंतरावर असला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात. फ्लॅश बंद ठेव, नाहीतर डोळ्यांच्या खोबणीतली सावली मरते. दुसऱ्या दिवशी फोटो न बघता १५ मिनिटांत त्याच माणसाचं स्मरणचित्र काढ. काय हुकलं आणि काय उगाच मोठं झालं, ते बाजूला लिही. घड्याळ काढल्यावर मनगटावर राहिलेला फिकट पट्टा तेवढा लख्ख आठवला असेल, तर १८ × २४ इंचाच्या कॅनव्हासवर तोच पट्टा धारदार ठेव आणि बाकीचं सैल सोड.

आठवण धूसर दाखवायला चेहरा पुसायची सध्या फॅशन आहे. ओल्या जाड रंगावर बोळा फिरवलास तर नुसता चिखल होईल. पुसायचं ते टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरच्या (गडद तपकिरी रंगाच्या) पहिल्याच थरात, चिंधीने. खालचा पांढरा वर येतो, तो उजेड जप. वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत जा. तेलकट थर खाली आणि कोरडा वर दिलास, तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात.

संमती लेखी घे आणि तीनदा वेगवेगळी विचार : रंगवायला, प्रदर्शनात लावायला, इन्स्टाग्रामवर टाकायला. पहिलीला हो म्हणणारा तिसरीला नाही म्हणू शकतो. चेहरा बदलून भागत नाही. टॅटू किंवा ओळखीची खिडकीसुद्धा माणूस उघड करते. फोनमधले फोटो घरच्यांच्या सामायिक खात्यावर आपोआप चढत नाहीत ना, हे आजच तपास. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालानंतर प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत हे खरं, पण तुझी फी घरून येत असेल तर कधी सांगायचं ते तू ठरव. चित्रांसोबत द्यायच्या निवेदनात स्वतःची ओळख लिहायची सक्ती नाही. ‘ही माणसं मला कशी आठवतात’ एवढं पुरेल.

पोर्टफोलिओत १५ ते २० कामं ठेव (संस्थेने आकडा दिला असेल तर तोच पाळ). त्यात एकाच मापाचे सहा कॅनव्हास, सोबत स्मरणचित्रांची पानं आणि फसलेलं एक काम. मुलाखतीत ‘हा कोण?’ विचारतील, नाव न सांगता द्यायचं उत्तर आधीच तयार ठेव.

पोटाचं म्हणशील तर सुरुवातीची काही वर्षं या मालिकेवर भिस्त नको. व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी घे, निम्मे पैसे आगाऊ. स्टोरीबोर्डची (सिनेमा-जाहिरातींची दृश्यं आधी रेखाटून देण्याची) कामं बघ. शाळेत शिकवायचं असेल तर भरतीच्या जाहिरातीतली अध्यापन पदविकेची अट वाच. खक्कर चार्टर्ड अकाउंटंट होते. बडोद्यात बरीच वर्षं अर्धवेळ हिशेब लिहून उरलेल्या वेळात रंगवत.