फोटो काढायचे की चित्रपट चित्रित करायचा?

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आहे, ‘ली’ हा चित्रपट पाहिल्यापासून तिने सिनेमॅटोग्राफर, म्हणजे चित्रपटाची छायालेखिका, होण्याचा ध्यास घेतला आहे, आणि त्यासाठी कर्ज काढून कॅमेरा घ्यावा का, शिवाय मुलीला हे क्षेत्र झेपेल का, असे आपण विचारले आहे.

कर्ज काढू नये. तिला भुरळ नेमकी कोणाच्या कामाची पडली आहे, युद्धभूमीवर छायाचित्रे टिपणाऱ्या ली मिलर यांच्या, की त्यांचे आयुष्य पडद्यावर आणणारे छायालेखक पावेल एडेलमन यांच्या, हे आधी तिच्याशी बोलून पाहावे. मिलर वापरत तो रोलायफ्लेक्स कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत पाहावे लागते आणि त्या काचेत डावे-उजवे उलटे दिसते. त्यामुळे पडद्यावर फोटो काढणाऱ्या नायिकेचे डोळे ऐन मोक्याच्या क्षणी झुकलेले असतात. तरीही तिचा चेहरा वाचता यावा आणि ती काय पाहते तेही कळावे, यासाठी कॅमेरा कुठे ठेवायचा, हे छायालेखकाला ठरवावे लागते. 30 एप्रिल 1945 रोजी म्युनिकमध्ये हिटलरच्या न्हाणीघरात त्यांचे सहकारी छायाचित्रकार डेव्हिड शेरमन यांनी टबात बसलेल्या मिलर यांचे छायाचित्र काढले. त्याच दिवशी डाखाऊच्या छळछावणीत फिरलेले मिलर यांचे मळके बूट टबापुढच्या पायपुसण्यावर दिसतात. शेरमन यांना एक क्षण पुरला. चित्रपटाला मात्र त्याच्या मागचीपुढची मिनिटेही लागतात, आणि प्रसंग तुकड्यातुकड्यांनी तासन्‌तास चित्रित होत असताना उजेड तसूभरही बदललेला दिसून चालत नाही.

म्हणून तिला मोबाईलवरच एक काम द्यावे: खिडकीशी बसून कोणी भाजी निवडते आहे, एवढाच प्रसंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडा थोडा टिपायचा, आणि पडदा, पांढरी चादर व एखादा दिवा यांच्या साहाय्याने तो एकाच वेळचा भासवायचा. यात ती रमली, तर पुढचा विचार जरूर करावा.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत आणि कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत या विषयाचे तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. प्रवेशपरीक्षेसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, तेव्हा बी.एस्सी. पूर्ण होऊ द्यावी. मुलीबद्दलची शंका मला तरी अनाठायी वाटते, कारण याच चित्रपटाच्या दिग्दर्शिका एलन कुरास या स्वतः अनेक वर्षे नावाजलेल्या छायालेखिका आहेत. खरी अडचण उत्पन्नाची आहे: शिक्षणानंतरची काही वर्षे सहायक म्हणून, अनियमित कामांवर काढावी लागतात. कर्ज टाळून वाचणारे पैसे त्या वर्षांसाठी बाजूला ठेवावेत.