विज्ञानपटात यंत्र बिघडतं तेव्हा फिटर कुठे असतो?

तुमचा प्रश्न असा: "विज्ञानपटांमध्ये तंत्रज्ञान कायम खलनायक आणि निसर्ग कायम बिचारा असाच का दाखवतात? हे सिनेमे मुळात प्रगतीच्या विरोधात असतात का?"

विरोधात असतात असं मला वाटत नाही. संगणकाशिवाय ज्यांचं पान हलत नाही तेच सिनेमे संगणकाला शिव्या घालतात ही गंमत आहेच, पण नीट बघितलं तर चांगल्या विज्ञानपटाचा राग यंत्रावर नसतो, यंत्राच्या मालकावर असतो. माझी तक्रार जरा वेगळी आहे. या सिनेमांत शोध लावणारे भेटतात, विकणारे भेटतात, नासधूस करणारे तर ढिगाने भेटतात. रोज तेलपाणी करणारा माणूस मात्र क्वचित दिसतो. आणि तो नसला की यंत्रही खोटं वाटतं आणि निसर्गही.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. नोकरीची बरीच वर्षं लोहखनिजाच्या खाणीवर पंपांची देखभाल करण्यात गेली, त्यामुळे हे मत धंद्यातून आलेलं आहे हे आधीच सांगून टाकतो. खनिजाचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की तळाशी पाणी येतच राहतं, त्यात गोव्याचा पाऊस. रात्री तीनला पंपाचा आवाज बदलतो. फूटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाच्या झडपेच्या, जाळीत लाल चिखल बसलेला असतो, नाहीतर ग्लँड पॅकिंग, म्हणजे दांड्याभोवतीची गळती रोखणारी दोरी, गेलेलं असतं. कमरेएवढ्या गाळात उतरून ते काढावं लागतं. सकाळी साहेब येतात तेव्हा पंप चालू असतो, म्हणजे काही घडलेलंच नसतं. असल्या कामावर सिनेमा निघत नाही हे मान्य. पण भविष्यकाळ दाखवणाऱ्या सिनेमात ते कुठेतरी दिसायला हवं ना?

गंमत म्हणजे सुरुवातीला ते दिसत होतं. फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' १९२७ चा, म्हणजे मूकपट. वर श्रीमंतांच्या बागा, कारंजी, उंच इमारती. खाली जमिनीच्या पोटात कामगार. मालकाचा मुलगा पहिल्यांदाच खाली उतरतो आणि बघतो, तर एका महाकाय यंत्रापुढचा कामगार थकून कोलमडायला आलाय. तापमानाचा काटा वर चढतो, कामगाराचा हात पोचत नाही, आणि स्फोट होतो. त्या मुलाला ते यंत्र माणसं गिळणारा राक्षस वाटतं. लोकांना लक्षात राहतो तो राक्षस. मला लक्षात राहिला तो कामगार: अंगातलं त्राण संपलं, हात पोचला नाही, अपघात झाला. कुठल्याही कारखान्याच्या चौकशी अहवालात सापडेल इतकी खरी गोष्ट आहे ती. यंत्र दुष्ट नव्हतं, माणूस दमवलेला होता.

'२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) घ्या. वानराने हवेत फेकलेल्या हाडाचं क्षणात अंतराळयान होतं, त्या एका कटवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण गोष्टीतला खरा तंटा सुरू होतो तो एका दुरुस्तीच्या कामावरून. हाल नावाचा संगणक सांगतो की अँटेनाचा अमुक भाग ७२ तासांत बंद पडणार. अंतराळवीर बाहेर जाऊन तो काढून आणतात, तपासतात, आणि त्यात काहीच दोष सापडत नाही. बस, तिथून विश्वास उडतो. देखभालीत काम केलेल्या कुणालाही ही परिस्थिती ओळखीची आहे: मीटर म्हणतोय बिघाड, पार्ट म्हणतोय मी ठणठणीत. मग मीटरवर विश्वास ठेवायचा की पार्टवर? दिग्दर्शक कुब्रिकने आख्खी भीती एवढ्याशा प्रश्नावर तोलून धरली. म्हणून तो सिनेमा आजही जुना वाटत नाही.

आणि 'जुरासिक पार्क' (१९९३)? सगळ्यांना आठवतं ते "जीवन आपला मार्ग शोधतंच" हे वाक्य, आणि बेडकाच्या डीएनएमुळे डायनोसॉरच्या नुसत्या माद्यांचीही पिलावळ कशी झाली ते. मी म्हणतो नेड्रीकडे बघा. बेटभरची संगणक यंत्रणा एका माणसाच्या हातात, तो पैशावरून नाराज, वादळामुळे बाकीचे कर्मचारी बोटीने निघून गेलेले. तो कुंपणाचा वीजपुरवठा बंद करतो आणि पुढे जे व्हायचं ते होतं. मालक सिनेमाभर छाती फुगवून सांगतो की आपण खर्चात हात आखडला नाही. आइस्क्रीमवर आखडला नसेल, कंट्रोल रूममध्ये आखडला! निसर्गाने सूड घेतला वगैरे म्हणायला बरं वाटतं. मला तर ती सरळसरळ कमी पगाराच्या कंत्राटाची गोष्ट वाटते.

आता निसर्गाकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे. विज्ञानपटांत निसर्ग दोनच रूपांत येतो. एक तर 'अवतार'मधल्या पँडोरासारखं अस्पर्श, चमचमतं जंगल, नाहीतर सगळं संपल्यावरचं वाळवंट. मधलं काही नाही. 'अवतार' डिसेंबर २००९ मध्ये आला तेव्हा आमच्याकडे खाणींचा हंगाम ऐन भरात होता. चीनला लोहखनिज जात होतं, डिचोली-सत्तरीच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा, झाडांची पानं लाल, घरातली भांडी लाल. तिकडे ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या खाणीला विरोध करणाऱ्या डोंगरिया कोंध आदिवासींची बाजू मांडणाऱ्यांनी २०१० मध्ये 'अवतार'चा दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनलाच जाहीर हाक दिली, की तुमच्या सिनेमातली गोष्ट इथे खरोखर घडतेय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने नियमगिरीच्या खाणीला परवानगी नाकारली. सिनेमामुळे नाकारली असं कुणी म्हणू नये, पण लोकांच्या तोंडी एक चित्र आलं हे खरं.

गोव्यात मात्र ते चित्र बसत नाही. पँडोरावर खाणवाले परक्या ग्रहावरून येतात, बंदुका घेऊन येतात. आमच्याकडे ट्रक शेजाऱ्याचा होता, बँकेचं कर्ज काढून घेतलेला. नदीतून खनिज नेणारी बार्ज कुणाच्या तरी मेव्हण्याची. विहीर आटली ती त्याच शेजाऱ्याच्या काकांची, आणि ती आटण्यात मी चालवत असलेल्या पंपांचा हात होता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मग काही सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद. नदी सुटकेचा श्वास घेत होती आणि अंगणात ट्रक गंजत होता, दोन्ही एकाच घरासमोर. पँडोरावरची निळी माणसं आणि वाईट माणसं अशी वाटणी करून ही गोष्ट सांगताच येत नाही. पुढची मजा तर कुठल्याच पटकथेत नाही: बंद खड्ड्यांत जे पाणी साठलं, तेच टंचाईच्या दिवसांत उपसून वापरायची वेळ आली. पुन्हा पंप!

प्रगतीचंही तसंच. सिनेमात ती येते तेव्हा एक तर सगळ्यांचं भलं करते नाहीतर सगळ्यांना बुडवते. साळावली धरणाने दक्षिण गोव्याच्या घरांत नळ आणले आणि कुर्डी गाव पाण्याखाली घातला. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा गाव तो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांचे चौथरे वर येतात आणि पांगलेले गावकरी आपल्या देवाला जाऊन भेटतात. मडगावात नळ सोडताना कुर्डी आठवणारा माणूस आणि कुर्डीतून उठून आलेला पण आता त्याच नळाचं पाणी पिणारा माणूस, हे दोघं एका चौकटीत दाखवणारा विज्ञानपट मला तरी अजून भेटलेला नाही.

आणि खाजन. तुम्ही गोव्याबाहेरचे असाल तर थोडं सविस्तर सांगतो. आमच्या खाड्यांच्या काठची सखल जमीन भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून वाचवायला पूर्वजांनी बांध घातले, चिखलाचे, गवताचे, जांभ्या दगडाचे. बाहेरच्या बाजूला खारफुटी राखायची, म्हणजे लाटांचा मारा बांधावर थेट येत नाही. बांधात ठरावीक ठिकाणी मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. लाकडी फळ्यांचं दार असं टांगलेलं असतं की ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ते उघडतं आणि शेतातलं पाणी खाडीत जातं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानेच बंद होतं. मोटर नाही, सेन्सर नाही, चंद्राच्या वेळापत्रकावर चालतं. आत पावसाळ्यात खारं सोसणारा कोरगुट भात पिकतो, मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते. आता सांगा, हे तंत्रज्ञान की निसर्ग?

पण हे आपोआप चालत नाही, इथेच मुद्दा आहे. खेकडे बांधाला बिळं पाडतात. ती वेळेवर बुजवली नाहीत तर एका मोठ्या भरतीत भगदाड पडतं, आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की ती जमीन लगेच पिकाला येत नाही. दाराची फळी कुजते, फटीत काटकी अडकते. पूर्वी गावाने मिळून बांध राखायचे. आता शेतीत कुणाला राम वाटत नाही, आणि मासळीच्या लोभाने काही जण भरतीलाच दार उघडं ठेवतात. ना राक्षस, ना उल्का, ना बंडखोर रोबो. दुर्लक्षाने होणारा हा नाश पडद्यावर दाखवायला अवघड आहे. स्फोट कसा सोपा असतो.

तरी काही सिनेमांनी हे पकडलंय. 'सायलेंट रनिंग' (१९७२) मध्ये पृथ्वीवरची उरलेली जंगलं काचेच्या घुमटांत घालून अंतराळात ठेवलीत आणि एक वनस्पतितज्ज्ञ छोट्या रोबोंना झाडांची निगा शिकवतो. (झाडं का सुकताहेत हे त्या तज्ज्ञाला बराच वेळ कळत नाही. सूर्य लांब गेलाय बाबा! आमच्या घरची कुंडी बघणारीने पहिल्या दिवशी सांगितलं असतं.) 'द मार्शियन' (२०१५) मधला बटाट्याचा मळाही मला आवडतो, कारण तिथे माणूस मंगळावर झेंडा लावून थांबत नाही, खत कालवतो. आणि 'वॉल-ई' (२००८) तर आमच्या जातकुळीचाच. तो कचरा दाबणारा रोबो इतकी वर्षं टिकलाय ते बंद पडलेल्या भाईबंदांचे पट्टे, डोळे स्पेअर म्हणून जपून ठेवल्यामुळे. शोध लावत नाही, जग जिंकत नाही, आपला डोळा फुटला की डब्यातून दुसरा काढून बसवतो.

आपल्याकडच्या सिनेमांबद्दल थोडक्यात. '२.०' (२०१८) मध्ये मोबाइलच्या लहरींमुळे पाखरं मरतात म्हणून एक पक्षितज्ज्ञ पेटून उठतो. पात्राची तळमळ पोचते, विज्ञान मात्र लंगडं. चिमण्या कमी होण्याचं खापर टॉवरवर फोडण्याइतका पुरावा नाही. घरट्याच्या जागा, किडे, झुडपं कमी होण्याबद्दल बोलायला हवं होतं, पण त्यात मोबाइल उडताना दाखवता आले नसते. 'कल्की २८९८ एडी' (२०२४) मध्ये काशी कोरडी आणि पाणी-हिरवळ सगळी वरच्या 'कॉम्प्लेक्स'मध्ये. चित्र देखणं आहे, पण वर बागा आणि खाली उपाशी माणसं ही मांडणी १९२७ च्या त्या मूकपटापासून फार पुढे गेलेली नाही. कॉम्प्लेक्समधल्या बागेला पाणी कोण घालतं ते मला बघायचं होतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नातला 'खलनायक' शब्द मी थोडा सरकवेन. पुढचा विज्ञानपट बघाल तेव्हा इतकंच तपासा: हे यंत्र कुणाच्या मालकीचं, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि त्याला पगार कोण देतं. दिग्दर्शकाने याचा विचार केलेला असला तर तो सिनेमा सहसा निसर्गाबद्दलही शहाणपणाचं बोलतो.

कुठून सुरू करावं असं विचाराल तर 'मेट्रोपोलिस'ची २०१० ची जुळवलेली प्रत बघा. हरवलेली बरीचशी दृश्यं २००८ मध्ये ब्युनोस आयर्सला सापडली, ती त्यात घातलीत, म्हणून ती अडीच तासांची आहे आणि मधेमधे ओरखडे दिसतात. घरात मुलं असतील तर आधी 'वॉल-ई', आणि शेवटी नावं सुरू झाली की टीव्ही बंद करू नका. माणसं आणि रोबो मिळून विहीर खणतात, पेरणी करतात, मासे धरतात, ते सगळं तिथे आहे. मूळ गोष्टीत त्याला जागा मिळाली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.