लिनो प्रिंटमध्ये बातक नक्षी शिकायचीय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की लिनो (म्हणजे नक्षी कोरून छापायचा लिनोलियमचा मऊ ठोकळा) कापायला आत्ताच शिकताय आणि बातक लोकांची नक्षी करायचीय तर पहिलं काय घ्यावं. आधी एक, हे बाटिक नव्हे हं, बाटिक म्हणजे जावाचं मेण लावून रंगवलेलं कापड, आणि बातक हे इंडोनेशियातल्या उत्तर सुमात्रातले, तोबा सरोवराकाठचे लोक. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथल्या मेदान शहरात होतो तेव्हा तोबा सरोवरातल्या समोसिर बेटावरची त्यांची जुनी लाकडी घरं मी तासन् तास बघत बसायचे. त्या घरांवरच्या कोरीव नक्षीला गोर्गा म्हणतात आणि रंग तीनच, लाल, काळा, पांढरा. मुळात ती लाकडात कोरलेलीच असते त्यामुळे लिनोला इतकी छान जमते की बस.

सुरुवात इपॉन-इपॉनने करा. इपॉन म्हणजे दात, कडेला ओळीने येणारी बारीक दातेरी किनार. आठवडाभर फक्त तेवढीच कापा, हात बसतो. मग वेलीसारखी वळणं घ्या, आणि इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा, वळणावर हात नाही फिरवायचा, लिनो फिरवायचा. व्ही आकाराचं हत्यार एका जागी धरून दुसऱ्या हाताने ठोकळा हळूहळू वळवत गेलं की रेघ न तुटता एकसलग येते, आणि तो दुसरा हात कायम पात्याच्या मागेच ठेवा, पुढे कधीच नको. लिनो कडक वाटला तर दहा मिनिटं उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. प्रेस नसली तरी चालतं, कागदावर स्टीलच्या डावाची पाठ गोल गोल घासा.

रंगाचं म्हणाल तर पांढरा म्हणजे कोरा कागदच, म्हणून ठोकळे दोनच लागतात, लालचा एक नि काळ्याचा एक. आधी लाल छापा, तो पूर्ण वाळू द्या (तेलाच्या शाईला काही दिवस लागतात, घाई केली की चिखल होतो), मग काळा.

आता या नक्षीतली पाल. तिला बोरास्पती म्हणतात, आणि बातक पंचांगात गुरुवारही बोरास्पतीच, म्हणजे आपला बृहस्पती! हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता माझ्या. घरावर पाल तिथेच कोरलेल्या चार स्तनांकडे तोंड करून असते, सुबत्ता आणि भरभराटीची खूण म्हणून. मी पाल वेगळ्या ठोकळ्यावर कापली, आणि छाप उलटा येतो हे डोक्यातच नव्हतं, त्यामुळे माझी पाल स्तनांकडे पाठ करून बसली. दिसायला सुंदर होती पण अर्थच गेला, तो ठोकळा मी परत कापला. म्हणून ट्रेसिंग पेपर उलटा करूनच चित्र लिनोवर उतरवा, आणि शक्यतो पाल नि स्तन एकाच ठोकळ्यावर घ्या, सुटी पाल उचलून कुठेही चिकटवू नका प्लीज.

पहिली किनार छापलीत की फोटो टाका, मला खरंच बघायचीय.