अरुंधती मेलबर्नला उगवत नाही

प्रिय मनू,

मुक्ताताईच्या लग्नात सप्तपदी झाली, गुरुजींनी हॉलच्या छताकडे बोट करून "अरुंधती बघा" म्हटलं, दोघांनी माना वर केल्या आणि फोटोग्राफरने फ्लॅश मारला. तेवढ्यात तू फोनवरचं आकाशाचं ॲप माझ्यापुढे धरलंस. "आई, हा तारा मेलबर्नला कधी उगवतच नाही. मग हे सगळे कोणाला फसवतायत?" मी "चल, पंगत बसली" म्हणून विषय मोडला. पण तुझं ते 'फसवतायत' मला जिलेबीसकट गिळवेना.

तुझं ॲप बरोबर आहे. अरुंधती आणि तिच्या शेजारचा वसिष्ठ, ही जोडी आकाशात ५५ अंश उत्तरेला आणि आपण ३८ अंश दक्षिणेला, त्यामुळे ती इथे क्षितिजाच्या वर येतच नाही. लग्नात दाखवतात तो ध्रुवही इथून दिसत नाही. आणि खरं सांगू, भर दुपारच्या मुहूर्ताला तो मिरजेतही दिसत नाही.

मला अरुंधती लग्नाच्या फार आधीपासून माहीत होती. मे महिन्यात दिवे गेले की आम्ही सगळी गच्चीवर. एका कोपऱ्यात अर्धवट वाळलेल्या कुरडया साडीखाली झाकलेल्या, सतरंजी दिवसभराच्या उन्हाने पाठीला गरम लागायची. नाना सप्तर्षी दाखवायचे. पतंगाच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून बारीकशी अरुंधती. दोघांत पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीइतकंही अंतर नाही, पण नजर धड असेल तर वेगळी दिसते. ज्याला दिसत नाही त्याचे सहाच महिने उरले, असं आजी सांगायची. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तरी रोज रात्री ती मान वर करून ठणकावून सांगे, "दिसते हो मला!" एकदा वळवाचे ढग आले होते, एक तारा नव्हता, तेव्हाही म्हणाली. नाना फक्त "बरं" म्हणाले आणि तिच्याकडे पानाचा डबा सरकवला. आता आजी आम्हाला फसवत होती का, तूच सांग.

म्हणून मला ते छताकडे बघणं फारसं खटकत नाही. खटकतं ते दुसरंच. आदर्श म्हणून बायकोच का? वसिष्ठाकडे बघून नवऱ्याने काय शिकायचं, हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्या लग्नात मी विचारलंही नाही, भूक लागली होती.

मामाने ग्रुपवर टाकलेला मेसेज तू वाचला असशील: दोघं एकमेकांभोवती फिरतात हे ऋषींना ठाऊक होतं, म्हणून नवराबायकोने समान असावं वगैरे. ऐकायला छान आहे, पण नुसत्या डोळ्यांनी ते कळायला काही मार्गच नाही. ते दोघं सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत आणि एकाच दिशेने चालले आहेत, एवढं नक्की. एकमेकांभोवती फिरत असलेच, तरी एका फेरीला लाखो वर्षं जातील. सप्तर्षींतले मधले पाच त्याच वाटेने जातात. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची वेगळ्या वाटेचे.

मला त्याहून मजेशीर वाटतं ते हे, की वसिष्ठ मुळात एकटा नाहीच. साध्या दुर्बिणीतून त्याचे दोन तारे दिसतात. १८८९ मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत त्यातल्या मोठ्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, रेषा कधी दुहेरी, कधी एकेरी दिसल्या, तेव्हा कळलं की तोही जोडीच आहे. त्या दोघांची फेरी साधारण साडेवीस दिवसांत होते. पुढे धाकटाही दुहेरी निघाला. आणि २००९ मध्ये अरुंधतीजवळ एक मंद लाल तारा सापडला. म्हणजे गच्चीवरून आम्ही दोन मोजत होतो ते सहा होते, आणि त्यातले बहुतेक सूर्यापेक्षा तापलेले, पांढरेशुभ्र. आजीला हे सांगितलं असतं तर "एवढ्यांचा स्वयंपाक कोण करतं?" असं तिने नक्की विचारलं असतं.

तुझ्या लग्नात (झालं तर, केलंस तर, मी काही म्हणत नाही) गुरुजींना सांगून हा भाग गाळता येईल. किंवा मागच्या अंगणात जाऊन मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा बघता येईल, तो इथे कधी मावळत नाही. त्यात सूर्यासारखे दोन तारे ८० वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात, शेजारी तिसरा लहानसा, आणि सगळे साडेचार प्रकाशवर्षांच्या आत. मला चालेल. मावशीला चालणार नाही, पण तिला मी बघून घेईन.

डिसेंबरात मिरजेला जातोय. तेव्हा सप्तर्षी मध्यरात्रीनंतर वर येतात, म्हणजे पहाटे पाचला गच्ची. मी एकदाच हाक मारेन, नाही उठलास तर झोप. उठलास तर चष्मा लावून ये, आणि दिसली नाही तर नाही म्हण.

तुझी
आई