मे महिन्यात समुद्रावर जाताय तर ऐका

सर, आता रिटायर झालाय न्हवं, मग शनिवार-रविवार कशाला धरताय, मधल्या वारी जावा की ओ, लॉजवाला पण नीट बोलतोय. बेळगावातनं पहाटे पाचला निघायचं, आंबोलीत चहा मारायचा, पण घाटाआधी नातवंडांना पोटभर खायला घालू नका, नाहीतर वळणावळणाला गाडी थांबवत बसाल, आणि ऊन तापायच्या आत वेंगुर्ला गाठायचं. दहा ते चार वाळूत पाय ठेवायचा नाही, बीपीवाल्यानं तर नाहीच, त्या टायमाला बांगडा, सोलकढी आणि ताणून द्यायची. मासे खायचे तर मेच बरा, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद. संध्याकाळी शिरोडा बघा, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथलाच. दोस्तमंडळींकडनं पैसे मात्र आधीच गोळा करा, नंतर कोण देत नाही ओ!