बोटीचं इंजिन पाण्याबाहेर किती वेळ चालवलं तर चालतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नदीकाठच्या गावात पुरासाठी घेतलेली यांत्रिक बोट वर्षभर शेडमध्ये पडून असते. इंजिन जाम होऊ नये म्हणून तुम्ही महिन्यातून एकदा ते मिनिट-दोन मिनिटं तसंच चालू करता. आता कुणीतरी सांगितलं की त्यानं आतला पाण्याचा पंप जळतो, तर पाण्याबाहेर किती वेळ चालवणं सुरक्षित आहे?

अजिबात नाही. 'नुसतं स्टार्ट करून लगेच बंद करतो' हेसुद्धा नाही.

मी चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठी, शेतीपंप दुरुस्तीचं काम करतो. आमच्याकडे कोयनेतून विसर्ग वाढला, राजापूर बंधाऱ्यावरून पाणी यायला लागलं की पहिल्यांदा कल्लोळ-येडूरसारखे बंधारे-पूल पाण्याखाली जातात आणि बोटीची आठवण होते. २०१९ च्या ऑगस्टनंतर तर प्रत्येक गावाला वाटायला लागलं की आपली एक बोट हवी. बोट आली, तिला मागं टांगायचं इंजिन आलं, आणि 'पंपाचं काम येतं ना तुला?' म्हणून ते माझ्या गळ्यात आलं.

इथंच माझी पहिली चूक झाली. पंप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जॅकवेलवरचा, म्हणजे नदीकाठच्या विहिरीवरचा शेतीपंप येतो. १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या किर्लोस्करांच्या पंपांवर आमचे ऊस वाढले, तेव्हा पंप कळतो हा गर्व प्रत्येकाला असतोच. त्या पंपानं हवा धरली आणि तो थोडा वेळ कोरडा फिरला, तर ग्लँडची दोरी किंवा सील जातं, आतल्या बिडाच्या इंपेलरला, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाला, सहसा काही होत नाही. कारण तो केसिंगला न चिकटता मोकळा फिरतो.

बोटीच्या इंजिनाचा पंप वेगळ्या जातीचा. पाण्यात बुडणाऱ्या खालच्या पायात, गिअरच्या पेटीच्या वर, एका छोट्या वाटीत रबराचा इंपेलर बसवलेला असतो. त्याला पाच-सहा जाड पाकळ्या. वाटीच्या मध्यावर न बसवता तो मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळं फिरताना पाकळ्या एका बाजूला दाबून वाकतात आणि दुसऱ्या बाजूला सरळ होतात. सरळ होताना पाणी ओढतात, वाकताना वर ढकलतात. म्हणजे रबर सतत भिंतीला घासतच असतो, आणि मध्ये वंगण म्हणून असतं ते फक्त पाणी. पाणी नसेल तर स्टीलच्या वाटीवर कोरडा रबर मिनिटाला हजारभर फेरे घासतो. तळहात सतरंजीवर जोरात घासून बघा, म्हणजे पाकळीचं काय होत असेल ते कळेल. त्यात वर्षभर पडून रबर सुकलेला असला, तर काही सेकंदांतच पाकळीची धार जळते. धार जळली की पंप पाणी नीट ओढत नाही, आणि पाणी नाही म्हणजे इंजिनाचं हेड तापतं. पाचसातशे-हजारांच्या रबरापायी लाखाचं इंजिन जातं ते असं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण मी पाण्याशिवाय चालवलंच नव्हतं, तरी जाळलं.

२०२१ च्या जूनमध्ये पावसाळ्याआधीची चाचणी होती. माझ्याकडे ते कानाला लावायच्या हेडफोनसारखे दोन रबरी कप होते. इंजिनाच्या खालच्या पायाला दोन्ही बाजूंना पाणी ओढायच्या जाळ्या असतात, त्यांवर हे कप बसवायचे आणि पाइप जोडायचा. गावातला नळ दोन दिवसांआड येतो, म्हणून मी हौदातली अर्ध्या एचपीची मोटर पाइपला जोडली. पाणी आधी सुरू केलं, मग इंजिन. मागून पाण्याची करंगळीएवढी धार छान पडत होती. म्हटलं चला, चहा घेऊ.

करंट गेला.

मोटर बंद पडली, पाणी थांबलं, पण इंजिन पेट्रोलवर चालतं, त्याला करंट गेल्याचं काय? ते त्याच आवाजात चालूच राहिलं. शेजारच्या गॅरेजमधला पोरगा पळत आला, 'नीरिल्ल, बंद माड्री!' पाणी नाही, बंद करा. तोवर रबर जळल्याचा वास आला होता.

गार झाल्यावर पाय उतरवून पंप उघडला. सहा पाकळ्यांपैकी दोन शाबूत, चार तुटलेल्या, वाटीला काळं डांबरासारखं चिकटलेलं. नवीन इंपेलर गोव्याहून आणवला, बसवला, धार आली, सगळे खूश. तुटलेले तुकडे मात्र मी मोजलेच नव्हते, आणि तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं एक लक्षात ठेवाच. जुलैत पूर आला, बोट पाण्यात गेली, सावकाश चालवली की काही नाही, जरा वेग घेतला की तापल्याचा भोंगा वाजायचा. त्या दिवशी चालण्याच्या वेगानं माणसं आणावी लागली. नंतर थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिनातलं पाणी तापमानाप्रमाणे सोडणाऱ्या झडपेचं, झाकण उघडलं तर आत हरभऱ्याच्या सालीएवढा काळा रबर अडकलेला. पाकळीचे तुकडे पाण्याबरोबर वर इंजिनाच्या पोटात जातात, म्हणून तुटलेल्या पाकळ्या जमिनीवर जुळवून इंपेलर पुरा होतो का बघायचं. नाही झाला तर राहिलेला तुकडा वर शोधायचा.

तुमच्या महिन्याच्या चाचणीसाठी मी सांगेन ते निळ्या प्लास्टिकच्या २०० लिटरच्या ड्रमचं. ड्रमचा वरचा भाग कापा. (लोखंडी बॅरल असेल आणि आधी तेल-पेट्रोल भरलेलं असेल तर गॅस कटर लावू नका, स्फोट होतो.) बोट ढकलणारा पंखा काढून ठेवा. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती चांगली चार बोटं बुडेल इतकं पाणी भरा, कारण पंप त्या पट्टीच्या आसपासच असतो. इंजिन न्यूट्रलमध्येच, आणि मोकळ्या हवेत, बंद शेडमध्ये नाही, धूर विषारी असतो. गिअर टाकला आणि पंखा लावलेला असला तर तो पाणी ड्रमबाहेर भिरकावतो, पातळी उतरते आणि पंप पुन्हा कोरडा. पाच मिनिटं पुरे, त्याहून जास्त चालवलं तर ड्रममधलं पाणीच कोमट होतं. ड्रमला करंट लागत नाही, हे मला चहा गार करून कळलं. कपांची पद्धत वाईट नाही, नळाला सतत दाब असेल तिथं छान. फक्त माणूस जागचा हलायचा नाही.

आणि सबंध वेळ डोळा धारेवर. आमच्याकडची पोरं सरळ 'मुततंय का बघ' म्हणतात, आणि बघायचं तेच असतं. स्टार्ट केल्यावर दहा-पंधरा सेकंदांत धार दिसली पाहिजे. नाही दिसली, तर आधी बंद करा, विचार नंतर. कित्येकदा पंप ठीक असतो आणि धारेच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार घालून ते मोकळं होतं. तापल्याच्या भोंग्यावर भरवसा ठेवू नका. तो इंजिन तापल्यावर वाजतो, रबर त्याच्या आधीच गेलेला असतो.

नुसता सेल्फ मारून बॅटरी बघायची असली तरी इंजिन ड्रमात असू दे. सेल्फ फिरला की शाफ्ट फिरतो, शाफ्टबरोबर इंपेलरही.

पुराच्या पाण्यात कोरडं चालणं वेगळ्या वाटेनं येतं. उसाचा पाला, जलपर्णी, प्लास्टिकची पिशवी जाळीवर चिकटली की वर अथांग पाणी असूनही पंप उपाशी. धार बारीक झाली की थांबून इंजिन उचलायचं आणि जाळी पुसायची. बांध ओलांडताना इंजिन वर उचलतो, तेव्हा आधी बंद करायचं, कारण जाळी पाण्याबाहेर आली की तेच झालं. आणि कृष्णेच्या पुराचं पाणी म्हणजे पातळ चिखल. ती बारीक वाळू रबर आणि वाटी दोन्ही खरवडते. परत आल्यावर स्वच्छ पाण्याच्या ड्रमात पाच मिनिटं चालवून आतला गाळ धुऊन काढा आणि इंजिन उभं ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं.

इंपेलर आम्ही आता दरवर्षी मृगाच्या आधी बदलतो, तास किती चालला ते न बघता. वर्षभर एकाच जागी राहून पाकळ्या एका कुशीवर झोपतात आणि तशाच राहतात. काढून सपाट फरशीवर ठेवला की लगेच दिसतं. नवीन बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, साधं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतो. वाटी खाली दाबताना शाफ्ट त्याच्या फिरायच्याच दिशेनं, म्हणजे बहुतेक इंजिनांत वरून बघता घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, हळूहळू फिरवा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. इंपेलर शाफ्टला अडकवणारी छोटी चावी (की) शाफ्टवरून पडून हरवते, तेव्हा खाली कापड अंथरा. पाय परत चढवताना गिअरची दांडी नीट जुळली का हे बोल्ट आवळायच्या आधी बघा. मी एकदा आवळून बसलो आणि रिव्हर्सच पडेना. दुसरं असं की बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर वाट्टेल ते टर्न करून मिळतं, पण हा रबर तिथं मागू नका, इंजिनाच्या मॉडेलचाच घ्या आणि एक जादा घेऊन ठेवा.

तुमच्याकडून आतापर्यंत कोरडं चाललंच असेल, तर गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नका, आपोआप गार होऊ द्या. मग पंप उघडा, धार परत आली असली तरी. अर्धा जळलेला इंपेलर सावकाश चालीला पुरेशी धार देतो आणि चार माणसं बसवून वेग घेतला की धोका देतो, आणि पुरात तेच होईल.

इंजिनाला दोरीची लाल क्लिप असेल, जी ओढली की इंजिन बंद पडतं, ती लावल्याशिवाय ते चालूही होत नाही. आम्ही ती इंजिनाला ठेवतच नाही. ती ड्रमच्या काठावर खिळ्याला टांगलेली असते, आणि कुणाला 'एकदा चालू करून दाखव' असं म्हणायचं झालं, तर आधी ड्रमपर्यंत जावं लागतं.